आईंच्या हातातला रिमोट

आमच्याकडे कोणी चार दिवस राहायला आलं की दोन गोष्टी आवर्जून सांगाव्या लागतात. पहिली, बाथरूममधला गरम पाण्याचा नळ उलटा फिरतो. दुसरी, टीव्ही कसा लावायचा. नळाचं एकदा सांगून भागतं. टीव्हीचं ऐकताना पाहुण्यांचा चेहरा हळूहळू गंभीर होत जातो आणि शेवटी ते म्हणतात, "राहू दे हो, आम्ही आपलं पेपर वाचतो."

सांगायचं ते असं. काळ्या लांब रिमोटनं टीव्ही लावायचा. राखाडी रिमोटनं सेट टॉप बॉक्स लावायचा. चित्र आलं नाही तर पुन्हा काळा घेऊन 'सोर्स' दाबायचं आणि एचडीएमआय २ वर जायचं. आवाज साउंडबारमधून, म्हणजे टीव्हीखालच्या लांबट स्पीकरमधून, येतो, म्हणून आवाज कमी-जास्त करायला तिसरा, छोटा रिमोट. काळ्यावरही आवाजाचं बटण आहे, पण ते दाबायचं नाही. दाबलं तर टीव्हीचा स्वतःचा आवाजही सुरू होतो आणि बातम्या देणारी बाई दोनदा बोलते. आणि आदल्या रात्री मुलीनं सिनेमा पाहिला असेल, तर आधी चौथ्या रिमोटनं तिच्या स्टिकमधून, म्हणजे टीव्हीला खोचलेल्या, इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणाऱ्या काडीतून, बाहेर पडायचं.

हे सगळं एकदम आलेलं नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा वाहिनीच एक होती, रिमोटनं बदलायचं तरी काय? नंतर केबल आली, पण तिची वायर थेट टीव्हीच्या पाठीत जायची आणि टीव्हीच्या रिमोटवर काम भागायचं. मग बॉक्स सक्तीचा झाला. मुंबईसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ आणि पुण्यासाठी ३१ मार्च २०१३ अशी सरकारी मुदत होती. त्या काळात शहरातल्या केबलवाल्या घरांत टीव्हीच्या रिमोटशेजारी दुसरा रिमोट येऊन बसला. पुढे टीव्ही चपटे झाले आणि स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवायला लागले. त्यातून येणारे संवाद आमच्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, ऐकू येईनात. म्हणून साउंडबार आला, आणि त्याचा तिसरा.

"सगळ्यांचा मिळून एकच रिमोट आणू" ही कल्पना माझ्या नवऱ्याची. अशी कल्पना घरातल्या सगळ्यात हौशी माणसाच्या डोक्यात येते आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. हौशी माणूस खोक्यावरचे आकडे वाचतो: किती कंपन्यांचे टीव्ही चालतात, एका वेळी किती उपकरणं, किती बटणं. आमच्या घरात चार उपकरणं. बाकीच्या हजारो टीव्हींचं आम्ही काय करणार होतो? शेजारच्यांचा बंद करणार? तशी सोय करणाराही एक माणूस होऊन गेलाय म्हणा. मिच ऑल्टमन नावाच्या अमेरिकन गृहस्थानं २००४ मध्ये किल्लीच्या जुडग्याला अडकवायचा एक रिमोट विकायला काढला. त्याला बटण एकच, आणि ते दाबलं की तो वेगवेगळ्या कंपन्यांचे 'बंद हो' हे संकेत एकामागून एक सोडत राहतो. हॉटेलातला टीव्ही बंद करून शांतपणे जेवायला. मला हा मनुष्य फार आवडतो.

रिमोटचा उगमही अशाच वैतागात आहे. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीचे प्रमुख जाहिरातींना कंटाळले होते. १९५० मध्ये त्यांनी वायरवाला रिमोट काढला. ती वायर दिवाणखान्यातून जायची आणि माणसं तिला अडखळायची. १९५५ मध्ये यूजीन पॉली यांनी प्रकाशाच्या झोतावर चालणारा केला, तर ऊन पडलं की टीव्ही आपोआप वाहिन्या बदलायला लागला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट अ‍ॅडलर यांचा रिमोट आला. त्यात अॅल्युमिनियमच्या दांड्या होत्या. बटण दाबलं की आतली हातोडी दांडीवर आपटे आणि माणसाला ऐकू न येणारा नाद निघे. तो टीव्हीला कळे. विशेष म्हणजे त्याला सेल लागतच नसत. सेल संपला की गिऱ्हाइकाला टीव्हीच बिघडला असं वाटेल, ही विक्री करणाऱ्यांची भीती. आमच्याकडे सेल काढून, तळव्यावर चोळून, जागा बदलून परत घालणं हा रोजचा प्रकार आहे, त्यामुळे ही भीती मला पूर्णपणे पटते.

अनेक रिमोटांचा एक करण्याचं वेड ऐंशीच्या दशकातलं. फिलिप्सनं १९८५ मध्ये असा रिमोट बाजारात आणला. त्याच सुमारास अॅपलमधून बाहेर पडलेल्या स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी खास यासाठी वेगळी कंपनी काढली आणि १९८७ मध्ये 'कोअर' नावाचा रिमोट केला. दुसऱ्या रिमोटचे संकेत तो शिकून घ्यायचा, एका बटणावर अनेक कामं लावता यायची, घड्याळ लावून ठरावीक वेळी कामं करून घेता यायची. बुद्धिमान माणसाचं काम होतं, पण सामान्य घरात चाललं नाही, कारण तो वापरायला साधारण तितकाच बुद्धिमान माणूस लागायचा. पुढे लॉजिटेकचे 'हार्मनी' रिमोट बरीच वर्षं नावाजले गेले. त्यांचंही उत्पादन कंपनीनं २०२१ मध्ये थांबवलं.

अडचण कुठे येते ते मला नवऱ्याच्या एका मित्राच्या घरी समजलं. त्यांच्याकडे असा भारी रिमोट होता. 'टीव्ही पाहा' एवढं एकच बटण दाबायचं. टीव्ही, बॉक्स, साउंडबार सगळं एका दमात लागणार. त्यांनी दाबलं. मध्येच त्यांचा कुत्रा रिमोट आणि बॉक्सच्या आड आला. टीव्ही लागला, साउंडबार लागला, बॉक्स बंदच राहिला. त्यांनी पुन्हा दाबलं. आता बॉक्स लागला आणि टीव्ही बंद झाला. कारण बहुतेक उपकरणांना चालू आणि बंद यांसाठी संकेत एकच असतो: जे आहे त्याच्या उलट कर. समोर काय चालू आहे हे रिमोटला दिसत नाही, तो अंदाजानं बोलतो. एकदा अंदाज चुकला की सगळी वरात उलटी चालायला लागते. यजमान घामाघूम झाले. आम्ही चहा पिऊन निघालो तेव्हा साउंडबार एकटाच चालू होता.

परत येताना गाडीत मी म्हटलं, "आपल्याला हुशार रिमोट नको. आईंना चालेल असा हवा."

आईंना काय लागतं याचा विचार मग मी पहिल्यांदा नीट केला. त्या टीव्ही पाहताना काय करतात ते नुसतं बघत बसले. त्यांना वाहिन्यांचे आकडे तोंडपाठ आहेत. मालिका कुठल्या वाहिनीवर आहे हे त्या नावानं सांगत नाहीत, आकड्यानं सांगतात, आणि बॉक्सवाल्यांनी मध्येच आकडे बदलले की आठवडाभर त्यांची चिडचिड होते. म्हणजे आकड्यांची बटणं हवीतच. आणि हल्लीच्या सडपातळ, देखण्या रिमोटांवर नेमकी तीच नसतात. असतात ती सिनेमाच्या अॅपची झगमगीत बटणं आणि बोलायचा माइक. माइकचं बटण आईंनी एकदा वापरलं होतं. "जरा बातम्या लाव गं बाई," असं त्या अगदी मायेनं म्हणाल्या. त्या बाईनं बातम्या लावल्या, पण इंग्रजी. तेव्हापासून अबोला.

दुसरं, आई रिमोटकडे पाहत नाहीत. दिवा मालवून, चष्मा काढून, अंगठ्यानं चाचपून दाबतात. पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, त्यावरून त्यांना बाकीचे आकडे सापडतात. ही सोय मुळात दृष्टिहीनांसाठी, पण रात्री दिवाणखान्यात आपण सगळेच त्या रांगेत असतो. स्वस्तातल्या बऱ्याच रिमोटांवर हा ठिपका नसतो किंवा असून नसल्यासारखा असतो. खोक्यावर मात्र याबद्दल कोणी अवाक्षर लिहीत नाही. लाल, हिरवं, पिवळं, निळं ही चार बटणं न चुकता असतात. ती टेलिटेक्स्टच्या, म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर माहितीची पानं वाचायच्या, जमान्यातली. आमच्या घरात त्यांना आजवर कोणी बोट लावलेलं नाही.

रिमोट घ्यायच्या आधी मुलीनं एक गोष्ट केली आणि निम्मा प्रश्न तिथेच मिटला. टीव्ही आणि साउंडबार एचडीएमआयच्या वायरनं जोडलेले असतील तर त्याच वायरीतून ते एकमेकांना निरोप देऊ शकतात. टीव्हीच्या रिमोटनं साउंडबारचा आवाज वाढतो, टीव्ही लावला की साउंडबारही उठतो. या सोयीचं खरं नाव सीईसी. पण प्रत्येक कंपनीनं तिचं स्वतंत्र बारसं केलंय: सॅमसंगकडे ती अॅनीनेट प्लस, सोनीकडे ब्राव्हिया सिंक, एलजीकडे सिम्पलिंक. त्यामुळे सेटिंगमध्ये शोधायचं काय हेच कळत नाही. आमच्या टीव्हीत ती सुरुवातीपासून होती, बंद करून ठेवलेली. मुलीनं सुरू केली आणि तिसरा रिमोट खणात गेला. रिमोटवर पैसे घालवायच्या आधी प्रत्येकानं हे करून पाहावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि दुकानदार ते तुम्हाला सांगणार नाही.

उरले टीव्ही आणि बॉक्स. त्यासाठी पुण्याच्या बुधवार पेठेतली, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांची तापकीर गल्ली. एका अरुंद दुकानात छतापासून गल्ल्यापर्यंत प्लॅस्टिकच्या पिशव्यांतले रिमोट लटकत होते. "जुना आणलाय का, ताई? नसेल तर फोटो दाखवा." मी फोटो दाखवला. त्यांनी तो नीट पाहिलाही नाही, हात वर करून एक पिशवी ओढली. कंपनीचं नाव ते विचारतच नाहीत. बटणांची मांडणी बघून ओळखतात.

"तसला नको, दोन्हीला चालणारा हवाय," मी म्हटलं.

"कोडवाला देऊ की शिकणारा?"

कोडवाल्यात कंपन्यांचे संकेत आधीच भरलेले असतात. सोबतच्या चिटोऱ्यावर बारीक अक्षरात आकडे छापलेले. आपल्या कंपनीचे एकेक घालून बघायचे, किंवा बटण दाबून धरायचं आणि तो एकेक संकेत सोडत जातो, टीव्ही बंद झाला की बोट उचलायचं. उशीर झाला की गाडी पुढे जाते. शिवाय मोठ्या कंपन्यांचे टीव्ही त्यात हमखास सापडतात, गल्लीतल्या केबलवाल्यानं दिलेला बॉक्स सापडेलच असं नाही. शिकणाऱ्याला यादीच लागत नाही. जुना रिमोट त्याच्या तोंडासमोर धरायचा, नव्याचं बटण दाबायचं, मग जुन्याचं दाबायचं. दिवा लुकलुकला की शिकला. रिमोट बोलतो तो डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात, सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा उघडझाप करत. शिकणारा ती उघडझाप जशीच्या तशी लक्षात ठेवतो, अर्थ न विचारता. मी शिकणारा घेतला.

दुकानदारांनी तो मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं. पडद्यावर टोकाचा दिवा जांभळट चमकला. "बघा ताई, ओके आहे." दिवा लागतो एवढंच त्यातून कळतं, तो काय बोलतोय ते घरी गेल्यावरच. पण ही परीक्षा पास झाल्याशिवाय तापकीर गल्लीत व्यवहार पुरा होत नाही. पाचावर ठिपका आहे का ते मी डोळे मिटून पाहिलं. दुकानदारांना ते विचित्र वाटलं असावं.

घरी आल्यावर नवऱ्याला उत्साह आला. त्याला एसीचाही रिमोट शिकवायचा होता. ते जमत नाही. एसीचा रिमोट 'एक अंशानं वाढव' असं म्हणत नाही. प्रत्येक वेळी सगळी परिस्थिती नव्यानं सांगतो: २४ अंश, थंड, पंखा मध्यम, झडपा हलत्या. नव्या रिमोटवर तेवढं एकच वाक्य शिकवता येतं. स्टिकचा रिमोट प्रकाशात नाही, ब्लूटूथवर, म्हणजे रेडिओलहरींत बोलतो, तो तर याच्या कक्षेतच नाही. तो मुलीकडे राहिला, आणि खरं सांगायचं तर तिलाही तो कोणाला द्यायचा नव्हता.

आम्ही आईंना शेजारी बसवलं आणि त्या म्हणतील तेवढीच बटणं शिकवली. चालू-बंद दोन वेगवेगळ्या बटणांवर, एक टीव्हीचं, एक बॉक्सचं. एका दाबात सगळं करायचा मोह टाळला. आकडे. आवाज, वाहिनी पुढे-मागे. "आणि म्यूट?" नवऱ्यानं विचारलं. "ते कशाला? जाहिरात लागली की मी कुकर लावून येते," आई म्हणाल्या. 'मेनू' तर मुद्दाम कोरं ठेवलं. आता ते चुकून दाबलं तरी काहीच होत नाही, आणि बटण दाबून काहीच न होणं ही केवढी मोठी सोय आहे हे आईंच्या हातात रिमोट दिल्यावर कळतं. पूर्वी अशा वेळी पडदाभर सेटिंग उघडायचं, भाषा बदलायची आणि मला ऑफिसात फोन यायचा.

जुने रिमोट टाकून द्यावेत असं मला वाटलं होतं, पण तसं करता येत नाही. नव्यानं कधी विसरलं तर शिकवायला तेच लागणार. म्हणून त्यांचे सेल काढून, रबर लावून ते खणात ठेवलेत. सेल आत राहिले की फुटून पाणी सुटतं आणि आतली स्प्रिंग गंजते.

वरच्या उजव्या कोपऱ्यातलं एक बटण मात्र अजून रिकामं आहे. नवऱ्याचं म्हणणं, त्यावर 'सोर्स' बसवावं. आईंचं म्हणणं, त्यावर पंखा बसवावा. आमच्या नव्या, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी पंख्यालाही रिमोट आहे आणि तो कधीच सापडत नाही. मुलगी म्हणते दोन्ही नको, बटणावर चिकटपट्टी लावा. आईंचा पंखा जिंकेल असं दिसतंय, फक्त त्यासाठी आधी पंख्याचा रिमोट सापडायला हवा.