पानाला पडलेले गोल भोक

बागेत माझी नजर कित्येक वर्षे फक्त फुलांवर असे, आणि त्यातही भरगच्च पाकळ्यांच्या फुलांवर. मधमाश्या त्यांच्याकडे ढुंकूनही का पाहत नाहीत, हे कोडे फार उशिरा उलगडले. अशा फुलांतल्या जादा पाकळ्या म्हणजे बहुधा रूप बदललेले पुंकेसर असतात. तेव्हा पराग जवळजवळ नाहीत आणि मकरंदापर्यंत वाटही नाही.

मग हंगामी रोपांची हौस आवरून मी स्थानिक, बहुवर्षायू झाडांकडे वळलो: अडुळसा, निर्गुंडी आणि कुंपणाकडेला आपणहून उगवलेली रुई. पहिले वर्ष निराशेत गेले, कारण ही झाडे आधी मुळे धरतात आणि फुलांचे मागाहून पाहतात. दुसऱ्या वर्षी अडुळसा फुलला. त्याच्या पांढऱ्या फुलाच्या खालच्या ओठावर जांभळट रेषा असतात. मधमाशी नेमकी तिथे उतरते, रेषांच्या मागाने आत शिरते आणि वरच्या ओठाखालचे दोन पुंकेसर तिच्या पाठीला पराग फासतात.

रुईच्या पानांची अळ्यांनी चाळण केली, तेव्हा मात्र जुन्या सवयीने माझा हात फवारणीच्या बाटलीकडे गेलाच. फुलपाखरू हवे पण त्याची अळी नको, हा हट्ट किती पोरकट आहे, हे त्या पट्टेरी अळीकडे निरखून पाहताना जाणवले. रुईच्या चिकातले विष ती अंगात साठवते आणि त्यामुळे पक्षी तिला सहसा टाळतात. पुढे एकुलत्या एका गुलाबाच्या पानांना कंपासने आखल्यासारखी गोल भोके दिसली, तेव्हा मी नुसता उभा राहिलो. पाने कापणारी मधमाशी ते तुकडे खात नाही. लांबट तुकड्यांनी ती घरट्याची भिंत मढवते, आत पराग व मकरंदाचा गोळा ठेवून त्यावर एकच अंडे घालते आणि वर गोल तुकड्याचे झाकण बसवते.

मधमाश्यांच्या २०,०००हून अधिक जातींपैकी बहुतेक पोळ्यात न राहता एकेकट्याच राहतात आणि त्यांतल्या पुष्कळ जमिनीत बीळ करतात. मी मात्र मोठ्या काळजीने सगळी माती पालापाचोळ्याने झाकून टाकली होती! एक उन्हाचा कोपरा उघडा केला, तिथे काही महिन्यांनी पेन्सिल जाईल एवढे बीळ आणि त्याभोवती मातीचा भुगा दिसला. पाणी घालताना तिथे आलो, की मी झारीचे तोंड जरा वळवून घेतो.