केसपेपरची रांग

आज आईच्या गुडघेदुखीसाठी नाशिकमधील एका मोठ्या रुग्णालयात सकाळी साडेआठपासून दुपारी दीडपर्यंत होतो. त्यात डॉक्टरांनी तपासले ती जेमतेम सहा मिनिटे. उरलेला वेळ केसपेपर, पैसे भरणे, एक्स-रे आणि रिपोर्ट अशा चार रांगांत गेला. सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने आलेल्या एक मावशी तासभर भलत्याच खिडकीपुढे उभ्या होत्या, कारण वर चिकटवलेला कागद त्यांना वाचता येत नव्हता आणि सांगायला कोणी नव्हते. डॉक्टरांविषयी तक्रार नाही; ते बिचारे पाणी प्यायलाही उठले नाहीत. दोष मांडणीचा आहे.

चांगल्या मांडणीचे उदाहरण म्हणजे मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय. ते १९७६ मध्ये अवघ्या ११ खाटांवर सुरू झाले. तिथे एक शस्त्रक्रिया संपताच डॉक्टर शेजारच्या टेबलाकडे वळतात, कारण पुढच्या रुग्णाची तयारी परिचारिकांनी आधीच करून ठेवलेली असते. क्यूआर कोड स्कॅन करून 'आभा' या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याद्वारे नोंदणी करण्याची सोय आता अनेक रुग्णालयांत आहे, पण मावशींकडे साधा फोन होता. त्यांच्यासाठी दाराशी एक बोलणारा माणूस बसवला असता तरी पुरे होते. अखेर आईनेच, दुखऱ्या गुडघ्यानिशी, त्यांना हाताला धरून योग्य खिडकीपाशी नेले.