निसर्ग वादळानंतर गाडीच्या बॅटरीवर काढलेले दिवस

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग वादळ आलं तेव्हा आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी, माजघरात दार लावून बसलो होतो. आमचं घर दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या बाजूला. संध्याकाळी वारा पडल्यावर बाहेर आलो, तर पडवीची कौलं अंगणात, पोफळी एकमेकींवर आडव्या आणि रस्त्यावरचे विजेचे खांब मुळातून वाकलेले. लाईट लगेच येणार नाही हे बघूनच कळलं. आमच्याकडे ती आली २६व्या दिवशी.

बाबांना दमा आहे. पावसाळी हवेत त्यांना दिवसातून तीनदा नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करून मास्कमधून देणारं मशीन, लागतो, आणि तो चालतो लाईटवर. तोंडाने ओढायचे पंप्स (इनहेलर) होते, पण धाप लागली की त्यांना श्वास धरून पंप ओढता येत नाही. पहिली रात्र कशी काढली ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

घरात इन्व्हर्टर नव्हता. गाडी होती, आणि लॅपटॉपसाठी घेतलेला १५० वॅटचा छोटा इन्व्हर्टर होता, सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा. नेब्युलायझरवर १४० वॅट लिहिलेलं, म्हणजे चालायला हवा असं मला वाटलं. बटण दाबलं, मशीन घुरघुरलं, इन्व्हर्टरने पीं-पीं केलं आणि सगळं बंद. तीनदा तेच झालं. चौथ्यांदा सॉकेटचा फ्यूज गेला.

दुसऱ्या दिवशी, झाडं तोडून रस्ता मोकळा झाला तसा, दापोलीला ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, आत मोटर आहे. मोटर सुरू होताना लिहिलंय त्याच्या कितीतरी पट ओढते. आणि त्या सॉकेटची वायर बघा केवढी बारीक." स्वतःच्या दुकानातला ५०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या लाईटसारखी सलग लाट देणारा, इन्व्हर्टर त्याने मला वापरायला दिला, सोबत करंगळीएवढ्या जाड वायरी, क्लिपा आणि फ्यूज. स्वस्त इन्व्हर्टरमधून वीज पायऱ्या-पायऱ्यांनी बाहेर पडते, तिच्यावर मोटर गरम होते. बल्ब आणि मोबाईलला तसा फरक पडत नाही. पैसे नंतर बघू म्हणाला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

जाड वायर का, हे मला तेव्हा नीट कळलं. घरात २३० व्होल्टवर १४० वॅटला पाऊण अँपिअरही लागत नाही. तेच १२ व्होल्टवर जवळजवळ १२ अँपिअर होतात, इन्व्हर्टरची घट धरून १३-१४. बारीक वायरीत एवढा करंट गेला की वायर तापते आणि पलीकडे पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं. म्हणून इन्व्हर्टर गाडीच्या बॉनेटपाशी, बॅटरीला चिकटून ठेवायचा, आणि घरात न्यायची ती साधी एक्स्टेंशन. मी आधी उलटं करणार होतो, म्हणजे इन्व्हर्टर ओटीवर आणि बॅटरीपासून लांबलचक वायर.

संध्याकाळी बाबांनी पडवीत बसून मास्क लावला आणि मशीन पहिल्या दमात सुरू झालं. आई देवापाशी जाऊन बसली.

मग सुरू झाला हिशेब. आमच्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे अँपिअर गुणिले तास ३५. पण ती सेल्फ मारायला बनवलेली असते, दोन-तीन सेकंद दणकून करंट द्यायचा आणि लगेच परत भरून घ्यायचा. घरच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीसारखी ती खोलवर उतरवली की तिच्या पातळ प्लेटा खराब होतात. निम्म्याखाली जायचं नाही असं ठरवलं, म्हणजे हातात १७ अँपिअर-अवर. नेब्युलायझर दिवसाला अर्धा तास, म्हणजे ७. नऊ वॅटचा बल्ब चार तास, साधारण साडेतीन. तीन मोबाईल, चार-पाच. झालं, संपलं. पंखा नाही, मिक्सर नाही, फ्रिज तर नाहीच. पाणी विहिरीतून पोहऱ्याने.

चौथ्या दिवशी सकाळी सेल्फ घेईना. गाडी दोन-तीन तास उभी राहिल्यावर मीटर लावला तर भरलेल्या बॅटरीच्या १२.६ व्होल्टच्या ऐवजी १२.१. रोज अर्धा तास इंजिन चालवून मी समजत होतो की बॅटरी भरते आहे, पण शेवटचा भाग ती फार हळू घेते, त्यामुळे रोज थोडी थोडी मागे पडत होती. शेजारच्या पोरांनी धक्का मारून गाडी सुरू करून दिली. त्यानंतर नेब्युलायझर लावायचा तेव्हाच इंजिन चालू ठेवायला लागलो, म्हणजे भार इंजिनवर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरवर पडतो आणि बॅटरीला हात लागत नाही. मात्र गाडी कायम उघड्या अंगणात, सायलेन्सर घराकडे पाठ करून. पावसात इन्व्हर्टर भिजू नये म्हणून गाडी पत्र्याच्या शेडमध्ये घ्यावी, असं बाबाच म्हणाले होते. मी ऐकलं नाही. धुराचा वास आला नाही तरी त्यातला विषारी वायू बंद जागेत माणूस मारतो, आणि इथे तर दम्याचा पेशंट. इन्व्हर्टरवर उलटी बादली घातली, खाली विटा लावून हवा खेळती ठेवली.

एकाच गोष्टीवरून वाडीत माझं भांडण झालं. एक काका म्हणाले, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून इन्व्हर्टर घरातल्या प्लगमध्येच घाल, सगळ्या खोल्यांत लाईट येईल. मी साफ नाही म्हणालो. मेन स्विच पाडायचा राहिला तर तीच वीज उलटी मीटरमधून बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरवर चढून हजारो व्होल्ट होते, आणि तिकडे खांबावर वायरमन मोकळ्या हाताने तारा ओढत असतो. काका म्हणाले, "आम्ही आठवणीने पाडू." रात्री दोन वाजता धाप लागलेल्या माणसाच्या घरात कोणाला काय आठवतं?

आमच्या गल्लीत खांब उभे करायला आलेली माणसं बाहेरच्या जिल्ह्यातली होती. दुपारी आईने त्यांना पडवीत बसवून पिठलं-भात वाढला. त्यातल्या एकाचा मोबाईल दोन दिवस बंद होता. बाबांचा नेब्युलायझर झाल्यावर इंजिन मी अजून वीस मिनिटं चालू ठेवलं आणि त्याचा फोन चार्जिंगला लावला. रेंज यायला त्याला टेकडीवर जावं लागलं.

बॅटरी दिवाळीच्या आत बदलावी लागली.