आमची वाटचाल : सोळा पिक्सेलच्या खाली नाही

बडोद्याच्या रावपुऱ्यातलं आमचं दुकान लग्नपत्रिकांवर उभं राहिलं. वडील छपाईचे खिळे जुळवायचे, माझ्या हाती डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी आली आणि पुढे वेबसाइटचं काम. पॉइंटांच्या, म्हणजे छपाईतल्या अक्षराच्या मापाच्या, खुणा असलेली वडिलांची पितळी पट्टी अजून माझ्या टेबलावर असते. नवी पोरं हसतात. हसू देत. वेबच्या मापात बारा पॉइंट म्हणजे सोळा पिक्सेल, हा हिशोब त्यांना तीच पट्टी दाखवून शिकवलाय.

मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं ते अलकापुरीतल्या एका एजन्सीचं. निम्म्या पैशांत गुजराती, मराठी, इंग्रजी अशी तीन भाषांची साइट द्यायला लागले. बारीक करडी अक्षरं, तेरा पिक्सेलची. गिऱ्हाईक म्हणे, फॉरेनसारखं दिसतं! गुजरातीचीच मापं त्यांनी मराठीला लावली. आता गुजरातीला शिरोरेषा नाही, अक्षरांत जागा सोडली तरी खपून जातं. मराठीत तीच जागा सोडली की रेघेचे तुकडे पडतात. ओळी इतक्या खेटून की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर बसलेला. हे मी तोंडाने सांगितलं, कागदावर छापून दाखवलं. कोणी ऐकलं नाही. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गेली, ऑफसेटचं छोटं मशीन विकावं लागलं आणि पोरांचे पगार लांबले.

राहिल्या त्या दांडिया बाजारातल्या लोणचीवाल्या काकू. एजन्सीवाल्यांनी त्यांना फुकट नमुना करून दिला होता. काकूंनी चष्मा न लावता, हात लांब करून मोबाइल धरला आणि मला दुकानात बोलावून घेतलं.

"अरे, हे 'मिरचीचं लोणचं' असं फुटलंय का? बरणीला तडा गेल्यासारखं!"

त्यांचं काम आम्ही मुक्ता नावाचा फाँट घेऊन केलं. तिचीच गुजराती बहीण मुक्ता वाणी, त्यामुळे दोन्ही लिप्या एका घरातल्या दिसल्या. मजकूर अठरा पिक्सेल, भाव ठळक, बास.

धंद्यात नवीन असाल तर ऐकून ठेवा. मराठी इंग्रजीपेक्षा एक-दोन पिक्सेल मोठी ठेवा. वर वेलांटी, खाली उकार, मधल्या अक्षराला जागा उरते कितीशी? ओळींतलं अंतर अक्षराच्या १.६ ते १.७ पट. अक्षरांमधली जागा शून्य. तिरकी अक्षरं नकोत. बहुतेक मराठी फाँटांत ती नसतातच, ब्राउझर सरळ अक्षर ओढून वाकडं करतो. जोर द्यायचा तर ठळक करा. जाडीचे प्रकार दोनच घ्या, प्रत्येकाची वेगळी फाइल गिऱ्हाइकाच्या डेटावर उतरते. मजकूर आणि मागचा रंग यांत किमान ४.५ ला १ इतका उजेडाचा फरक (कॉन्ट्रास्ट) हवा. मापं 'रेम'मध्ये, पानाच्या मूळ अक्षराच्या पटीत द्या, म्हणजे ज्याने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलंय त्याला ते मोठंच दिसेल. आणि पानावर भाषा मराठी नोंदवा, नाहीतर मराठी वळणाची सोय असलेल्या फाँटातही ल आणि श हिंदी वळणाचे येतात.

गेलेल्यांपैकी बरेच परत आले. भाव मात्र जुनाच मागतात. सांगतो, तो आता काकूंनाच.

काकूंचं दिवाळी फराळाचं पान सध्या अडकलंय. मथळ्यात गुजराती मोठं की मराठी, यावर त्यांचं आणि सूनबाईंचं अजून जमत नाही.