रात्री अकरानंतरचं माले आणि आमचे पाच नग

मालदीवला जायचं ठरलं की घराघरात पहिला वाद होतो तो व्हिला पाण्यावरचा घ्यायचा की वाळूवरचा, यावर. आमच्याकडेही झाला. मला मात्र काळजी होती ती राजधानी मालेत उतरायच्या वेळेची. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून थेट जाणाऱ्या विमानाची तिकिटं आवाक्याबाहेर गेली होती, म्हणून आम्ही कोलंबोमार्गे निघालो आणि ते दुसरं विमान मालेत टेकणार होतं रात्री अकराच्या पुढे. सोबत नवरा, आठवीतली लेक आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. आईंचे गुडघे आणि साखर, दोन्ही सांभाळत न्यायचे.

तिथला मुख्य विमानतळ, वेलाना, हुल्हुले नावाच्या बेटावर आहे आणि बहुतेक प्रत्येक रिसॉर्ट स्वतःच्या वेगळ्या बेटावर. म्हणजे विमानातून उतरलात की निम्मा प्रवास अजून बाकी असतो. जाहिरातींतलं ते सुंदर सीप्लेन फक्त उजेडात उडतं, कारण पायलट डोळ्यांनी पाणी बघून उतरवतो. दुपारी तीन-साडेतीननंतर पोचलात तर त्या दिवशीचं सीप्लेन मिळेल याची खात्री नाही. रात्री पोचणाऱ्यांना मग हुल्हुलेवर, माले शहरात किंवा हुल्हुमालेत हॉटेल घ्यावं लागतं, सगळं सामान तिथे न्यायचं, सकाळी परत आणायचं. शिवाय सीप्लेनला माणशी २० किलो सामान आणि ५ किलो हातातलं, एवढीच मुभा असते. वरच्या किलोला पैसे, आणि वजन जास्त झालं तर बॅग पुढच्या फेरीने येते. देशांतर्गत विमानाने बा अटॉल (अटॉल म्हणजे बेटांचा समूह) इथल्या धरवंधूला उतरून पुढे बोटीने जायचा पर्यायही होता, पण त्यात सामान अजून एकदा चढवा-उतरवा. मी नकाशा उघडला आणि उत्तर माले अटॉलमधलं, विमानतळापासून स्पीडबोटीने पाऊण तासात गाठता येईल असं आणि रात्रीही बोट पाठवणारं रिसॉर्ट निवडलं. पाण्यावरचा व्हिला गेला तो गेलाच. लेक दोन दिवस फुरंगटून बसली होती.

बोट चोवीस तास आहे, एवढ्यावर मी थांबले नाही. ईमेल करून तीन गोष्टी लेखी विचारल्या. विमान उशिरा आलं तर बोट थांबते का? बोट फक्त आमची की इतर पाहुण्यांबरोबर? आणि ज्येष्ठ माणसाला चढवायला फळी असते का? उत्तर आलं की बोट विमानाच्या नंबरवर लक्ष ठेवून सुटते, बोट सामायिक आहे, फळी आहे. मालेचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. म्हणून वेळ लिहिताना ‘मालेची वेळ’ असं स्पष्ट लिहिलं. रात्रीच्या वेळी अर्ध्या तासाचा घोळ म्हणजे आईंची अर्ध्या तासाची ताटकळ.

बॅगा भरताना मी घरात हुकूमशाही केली. नवऱ्याची ती टणक कवचाची, उभी केली तर लेकीच्या खांद्याला लागणारी पेटी माळ्यावर परत गेली. बोटीवर सामान हातोहात चढतं, दोन माणसं डुलत्या बोटीत ओढून घेतात. एका हाताने उचलता येईल आणि दोन्ही बाजूंना कडी असेल अशीच बॅग हवी. एकही बॅग पंधरा किलोच्या वर जाऊ द्यायची नाही, असं ठरवलं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ती मावत नाही, म्हणून हुकाचा काटा आणला, आणि तो आता सोसायटीत फिरतो आहे. मे म्हणजे तिथे नैर्ऋत्येकडच्या वाऱ्याची, ते ज्याला ‘हुल्हंगु’ म्हणतात त्याची, सुरुवात. पाऊस आणि उसळी दोन्ही. म्हणून प्रत्येक बॅगेच्या आत आधी कचऱ्याची मोठी काळी पिशवी, तिच्यात कपडे, तोंडाला गाठ. दिसायला गबाळं, पण आतले कपडे कोरडे राहिले.

पाच नग झाले. चौघांच्या चार बॅगा आणि एक निळी, सगळ्यांच्या पोहण्याच्या कपड्यांची आणि खाऊची. त्याशिवाय रात्रीची पिशवी. तिला मी कुणालाही हात लावू देत नव्हते. त्यात आईंचं इन्सुलिन गार पाकिटात, गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी, प्रत्येकाचा एक जोड, टूथब्रश, चार्जर, पॉवर बँक (ती तशीही चेक-इनच्या सामानात चालत नाही), दशम्या, लसणाची चटणी आणि रिसॉर्टच्या बुकिंगचा छापील कागद. फोनची बॅटरी मध्यरात्रीच मरते, हा माझा विश्वास आहे. निघताना लिफ्टसमोर पाचही नग ओळीने मांडून फोटो काढला. प्रत्येक बॅगेवर, आणि आतही, रिसॉर्टचं नाव आणि माझा व्हॉट्सॲप नंबर लिहिलेला कागद.

एक वाद देवाचा झाला. आईंच्या प्रवासी डबीत बाळकृष्ण असतो. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती आणायला मनाई आहे, दारू आणि डुकराचं मांसही आणता येत नाही, आणि तिथे उतरल्यावर सगळ्या सामानाचा एक्स-रे होतो. मी सांगितलं तेव्हा आई म्हणाल्या, “अगं, एवढासा तर आहे. तो काय त्यांच्या बोटीत जागा अडवणार आहे?” मी म्हटलं, “आई, रात्री बारा वाजता बॅग उघडून त्याच्याबद्दल बोलत बसायचं आणि तो तिथेच ठेवायला लागला तर?” हे ऐकल्यावर मात्र त्यांनीच डबी देवघरात ठेवली आणि शेजारच्या काकूंना रोजची दोन फुलं वाहायला सांगितलं.

मुंबईत काउंटरवर टॅग चिकटवताना मी वाकून बघितलं. तीन अक्षरं एमएलई हवीत, कोलंबोची सीएमबी नकोत. पाचही पावत्या बोर्डिंग पासच्या मागे चिकटवून घेतल्या. कोलंबोत मग सामानाशी संबंध आला नाही.

मालेत इमिग्रेशन झटपट झालं. भारतीयांना पर्यटनाचा व्हिसा तिथेच, फुकट मिळतो, फक्त प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत ‘इमुगा’चा ऑनलाइन फॉर्म भरलेला हवा. तो सरकारी संकेतस्थळावर फुकट असतो, पैसे मागणारी पानं भामट्यांची. पट्ट्यावर पाचही नग आले आणि माझा जीव भांड्यात पडला. खरा वेळ गेला तो पुढे, एक्स-रेच्या रांगेत. आमच्या पुढच्या जोडप्याने ड्यूटी फ्रीमधून दोन बाटल्या घेतल्या होत्या. त्या काढून घेणं, पावती लिहिणं, परत जाताना इथूनच घ्या म्हणून समजावणं, हे सगळं त्या जोडप्यातल्या नवरोबांना मान्य होईपर्यंत मागची रांग ताटकळली. रिसॉर्टवर हवी तेवढी मिळते हो! आईंना मी ट्रॉलीच्या कडेवर बसवलं आणि दशमी दिली.

बाहेर आल्यावर समोर रिसॉर्टांचे काउंटर आणि पाट्या धरलेली मुलं. आमच्या नावाची पाटी दिसली. मुलगा हसतमुख, हिंदी चांगलं बोलणारा. त्याने आमच्या ट्रॉलीवरच्या बॅगांना रंगीत टॅग बांधायला घेतले आणि सांगितलं की दुसऱ्या विमानाचे चार पाहुणे यायचेत, पाऊण तास बसा, सामान बोटीवर पोचतं. धक्का विमानतळाच्या दारातच, रस्ता ओलांडला की पाणी. मी नवऱ्याला आईंजवळ बसवलं आणि ट्रॉलीच्या मागे निघाले. तो मुलगा म्हणाला, “मॅडम, टेन्शन मत लो.” मी म्हटलं टेन्शन नाही, हवा खायला येते. तेवढ्यात आईंच्या व्हीलचेअरच्या कागदावर सही हवी म्हणून मला मागे बोलावलं, आणि मी परत धक्क्यावर पोचेपर्यंत ट्रॉली रिकामी होती.

धक्क्यावर रात्रीच्या साडेबाराला जेवढी गर्दी होती तेवढी आमच्या स्टेशनवर नसते. चार-पाच बोटी, पिवळे दिवे, डिझेलचा वास, वाऱ्याने बोटींचे दोर करकरत होते. आमच्या बोटीच्या पुढच्या भागात सामान रचून त्यावर ताडपत्री टाकलेली होती. मी खलाशाला ताडपत्री उचलायला लावली. चार. परत मोजले, चारच. निळी नव्हती.

इथे आवाज चढवून काही होत नाही, हे माझं ठाम मत आहे. रात्री ड्यूटीवर असलेली मुलं दमलेली असतात आणि ओरडलं की त्यांचं इंग्रजी संपतं. मी फोनवरचा फोटो दाखवला, निळ्या बॅगेवर बोट ठेवलं आणि टॅगची फाटलेली बाजू मागितली. चारच निघाल्या. म्हणजे पाचव्या बॅगेला यांचा टॅग बांधलाच गेला नव्हता. मग हळूहळू उलगडलं. हमालाने दोन रिसॉर्टांच्या ट्रॉल्या एकत्र ढकलल्या होत्या, आणि शेजारची बोट दहा मिनिटांपूर्वी सुटली होती. त्या मुलाने तिथूनच फोन लावले. मी म्हटलं, लेखी हवं. त्याने काउंटरच्या वहीतून पान फाडून बॅगेचं वर्णन, वेळ आणि स्वतःचं नाव लिहून दिलं, मी त्याचाही फोटो काढला. एक लक्षात ठेवण्यासारखं : बॅग पट्ट्यावरच आली नसती तर तक्रार विमान कंपनीकडे, आणि तीही कस्टम्सच्या आतच, बाहेर पडण्याआधी नोंदवायची असते. माझी बॅग पट्ट्यावर आली होती, म्हणून विमान कंपनीचा इथे काही संबंध उरला नव्हता. जबाबदारी रिसॉर्टची. ‘एअरलाइनला विचारा’ असं तिथे एकदा कुणीतरी सुचवून बघितलंच, तेव्हा मी टॅगच्या पावत्या आणि एक्स-रेच्या मागे पाच नगांसह काढलेला लेकीचा सेल्फी दाखवला. लेकीच्या सेल्फीचा जन्मात पहिल्यांदा उपयोग झाला.

बोटीत चढताना चपला काढून टोपलीत ठेवायच्या असतात. फळी होती, पण लाटेबरोबर वरखाली होत होती. दोन खलाशांनी आईंच्या दंडाला धरलं, पुढच्याने मोजलं, “एक, दो, तीन,” आणि लाट वर आली त्या क्षणी अलगद आत घेतलं. आईंनी डोळे मिटून घेतले होते, ते बसल्यावर उघडले. सगळ्यांना लाइफ जॅकेट. मी आईंना मागच्या बाकावर बसवलं, कारण पुढचा भाग लाटांवर आपटतो. मालेचे दिवे मागे पडले आणि बाहेर काहीही दिसेनासं झालं. पाऊस आला, बाजूचे प्लास्टिकचे पडदे फडफडले, रात्रीची पिशवी मी पोटाशी धरून बसले.

रिसॉर्टच्या धक्क्यावर सामान बग्गीत गेलं आणि आम्ही रिसेप्शनवर. गार टॉवेल, नारळपाणी, आणि त्याच ट्रेमध्ये सहीसाठी कागद. त्यात छापलं होतं : सामान मिळालं, नग ५. रात्रीचा दीड वाजलाय, लेक पेंगते आहे, कुणीही सही करेल. मी पेन मागितलं, पाच खोडून ‘४ मिळाले, १ निळी बॅग धक्क्यावरून दुसऱ्या बोटीने गेली’ असं लिहिलं आणि मग सही केली. मॅनेजर जरा वरमला, पण त्यानंतर त्याने स्वतः फोन हातात घेतला. दुसऱ्या रिसॉर्टवर एक निळी बॅग मालकाविना उभी होती, आणि तिच्यावरच्या कागदावरचा नंबर वाचून त्यांनी मला व्हॉट्सॲपवर फोटोही पाठवला होता. मला तो रिसॉर्टचं वायफाय लागल्यावर दिसला.

खोलीत बॅगा आमच्यानंतर अर्ध्या तासाने आल्या. ही वाट बघण्याची वेळ रात्री फार लांब वाटते, आणि रात्रीची पिशवी खरी त्यासाठीच. आईंचं इन्सुलिन फ्रीजमध्ये गेलं, लेक कपडे बदलून झोपली. नवरा मात्र सामानाची वाट बघत दारात बसून डासांना शिव्या देत होता. तीन बॅगांची तळं ओली होती, आतले कपडे कोरडे.

निळी बॅग दुसऱ्या दिवशी दुपारी हुल्हुलेमार्गे सामानाच्या बोटीने आली, भाज्यांच्या पेट्यांबरोबर. मी ती रिसेप्शनवरच उघडून बघितली. चिवड्याचा डबा शाबूत, मेतकूट शाबूत, एका कडीची शिवण उसवलेली. ती कागदावर लिहून घेतली. तोपर्यंत लेक रिसॉर्टच्या दुकानातल्या पोहण्याच्या कपड्यांच्या किमती बघून आली होती. ते बिल रिसॉर्टनेच भरावं असा माझा आग्रह होता, पण बॅग आल्यावर तो विषय संपला. त्याऐवजी त्यांनी परतीची बोट फक्त आमच्यासाठी देऊ केली, ती मी लगेच घेतली.

परतीचं विमान सकाळचं होतं. त्यांची पद्धत अशी की आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, पहाटे माणूस येऊन धक्क्यावर नेतो. मी त्यांना सांगितलं की बग्गी आणि सामान एकाच वेळी पाठवा, आम्ही बरोबरच येतो. पहाटे साडेचारला बग्गी आली. आईंनी पुढे बसून मागे वळून मोजले आणि चालकाला मराठीतच सांगितलं, “पाच आहेत बाबा, चल आता.”