शेवटच्या पाळीची तारीख : माझा अनुभव

बायकांच्या ओपीडीतल्या प्रत्येक कागदावर हा रकाना असतो. एकच तारीख मावेल एवढा. माझे तीन आठवडे त्या रकान्यात अडकले होते. आता तब्येत सुधारली आहे, राग मात्र गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

वय ४७, म्हणजे पाळी जाण्याच्या उंबरठ्यावरचं. भांडुपला राहते, नोकरी फोर्टला. वर्षभर रात्री तीनच्या सुमारास जाग यायची, गाऊन मानेपासून पाठीपर्यंत ओला झालेला असायचा. लोकलमध्ये उभी असताना छातीतून गरम वाफ वर चढायची आणि धडधड सुरू व्हायची. आधी हृदयाचं काही असेल म्हणून ईसीजी काढला, मग थायरॉईड तपासलं. दोन्ही व्यवस्थित. बरं झालं तपासलं, कारण थायरॉईडचा त्रासही अगदी असाच दिसतो.

पाळी आधी दोन-दोन महिने गायब होती. मग हरतालिकेच्या दिवशी आली ती अनंत चतुर्दशी उलटून गेली तरी थांबेना. सोळा दिवस अंगावरून जात होतं. थोडं थांबलं आणि घटस्थापनेला पुन्हा सुरू झालं. हिमोग्लोबिन ९.१ वर आलं. पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, ‘‘मुलं झाली आहेत ना? पिशवी काढून टाका.’’ तपासणी नाही, कारण नाही. मी फाईल उचलली आणि बाहेर पडले. याचा मला आजही आनंद आहे.

दुसऱ्या डॉक्टर मोठ्या रुग्णालयात होत्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं. सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर जाड, १६ मिलिमीटर निघालं. त्या म्हणाल्या, ‘‘या वयात बीजांड दर महिन्याला सुटत नाही. ते सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. मग अस्तर वाढत राहतं आणि कधीही, कितीही गळतं. पण पंचेचाळिशीनंतर असं अंगावरून गेलं तर अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय मी हार्मोन सुरू करणार नाही.’’ मला हे पटलं. कारण न कळलेला रक्तस्राव असताना एचआरटी, म्हणजे बाहेरून द्यायचे हार्मोन, देत नाहीत. भूल न देता, बारीक नळीने ओपीडीतच तुकडा घेतला. मिनिटभर पाळीतल्यासारखी जोरात कळ आली. मावशींनी हात धरला होता. दसऱ्यानंतरचा मंगळवार होता तो. रिपोर्ट पुढच्या मंगळवारी मिळेल, असं सांगितलं.

पुढच्या मंगळवारी अर्धी रजा टाकून गेले. खिडकीवरच्या माणसाने रजिस्टर उलटसुलट केलं आणि म्हणाला, ‘‘रिपोर्ट नाही. फॉर्म अपूर्ण आहे.’’ माझी डबी मागच्या फळीवर तशीच होती. झाकणावर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या पेनाने माझं नाव, आत फॉर्मॅलिनमध्ये तरंगणारा तपकिरी कण. सात दिवस. फॉर्मवर माझा मोबाईल नंबर होता, तरी कुणी फोन केला नाही. फॉर्म भरणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांनी शेवटच्या पाळीचा रकाना रिकामा सोडला होता.

‘‘तारीख सांगा, मी लिहितो,’’ तो म्हणाला. मी विचारलं, ‘‘कुठली? हरतालिकेची की घटस्थापनेची?’’ ‘‘मॅडम, एकच लिहायची.’’ मागे रांग वाढत होती. एक बाई म्हणाल्या, ‘‘अहो, काहीतरी सांगून टाका.’’ मला ते करवेना. तारीख उगाच विचारत नाहीत. चक्राच्या कितव्या दिवशी तुकडा घेतला त्यावर अस्तर कसं दिसायला हवं हे ठरतं, आणि पॅथॉलॉजिस्ट ते ताडून पाहतो. चुकीची तारीख दिली तर चांगला तुकडाही बिघडलेला वाटू शकतो. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर त्याही फॉर्मवर याव्या लागतात. मी दोन्ही तारखा सांगितल्या, तर तो म्हणाला, ‘‘मग डॉक्टरांची सही आणा.’’

डॉक्टरांची ओपीडी मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळीच. मी पोचेपर्यंत त्या दिवशीची संपली होती. शुक्रवारी गेले, डॉक्टर रजेवर. दुसऱ्या कुणाची सही चालेल का विचारलं, तर केसपेपर ज्यांचा त्यांचीच हवी. थेट पुढच्या मंगळवारी सही झाली. डॉक्टरांनी फॉर्मच्या कडेला चार ओळींत सगळा इतिहास लिहिला. एवढंच काम होतं. डबी त्या दिवशी आत गेली आणि पुढचे सात दिवस नव्याने मोजायला लागले.

त्या तीन आठवड्यांत मी रात्री तीनला उठून कॅन्सरचाच विचार करत होते. मुलीला सांगितलं नव्हतं. फराळ केला, पणत्या लावल्या, मन त्या फळीवरच्या डबीत. भाऊबीजेला वहिनी म्हणाली, ‘‘हार्मोन अजिबात घेऊ नकोस हं, स्तनाचा कॅन्सर होतो.’’ तिची भीती खोटी नाही. २००२ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास मध्येच थांबवला, तेव्हापासून ही भीती घराघरात आहे. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि दोन्ही हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांत स्तनाच्या कॅन्सरची वाढ वर्षाला दहा हजार बायकांमागे सुमारे आठ होती. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरुवात केली तर बहुतेक निरोगी बायकांना धोक्यापेक्षा फायदा जास्त, असं आता मानतात. स्वतःला स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, यकृताचा आजार असेल, तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांना हे आधीच सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

भाऊबीजेनंतरच्या मंगळवारी रिपोर्ट आला. हायपरप्लेशिया, म्हणजे अस्तराची बिघडलेली वाढ, नाही, कॅन्सरच्या पेशी नाहीत. जिन्यातच बसून मी तो चार वेळा वाचला.

पुढचं सगळं भराभर झालं. रक्तदाब आणि साखर पाहिली, मॅमोग्राफी झाली. ती पाळीनंतर लगेच करा, तेव्हा कमी दुखतं. डॉक्टरांनी तीन रस्ते समजावले : पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन आणि सोबत इस्ट्रोजेनचं जेल, किंवा जेल आणि प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, किंवा हार्मोन नकोच असतील तर वाफांवरच्या दुसऱ्या गोळ्या. मी दुसरा घेतला. रोज सकाळी दंडाला इस्ट्रोजेनचं जेल, महिन्यातले १२ दिवस रात्री प्रोजेस्टेरॉन २०० मिलिग्रॅम. पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, अस्तर पुन्हा वाढतं. कातडीतून घेतल्याने गुठळ्यांचा धोका गोळ्यांपेक्षा कमी राहतो. प्रोजेस्टेरॉनने झोप येते, म्हणून झोपतानाच घ्या. जेल छातीला लावायचं नाही, आणि सुकेपर्यंत लेकराला उचलायचं नाही. याने गर्भ राहणं थांबत नाही हेही लक्षात ठेवा.

तिसऱ्या आठवड्यात एकदा सकाळी सहापर्यंत झोपले. उठल्यावर आधी गाऊन चाचपला. कोरडा होता. गुडघे अजून दुखतात, ते काही गेलं नाही.

एक सांगायचं राहिलं. मी स्वतःहून दोनदा एफएसएच, म्हणजे पाळी जवळ जाताना वाढणारं एक हार्मोन, रक्तात तपासून पैसे घालवले. एकदा ९ आलं, दोन महिन्यांनी ४८. डॉक्टर म्हणाल्या, दोन्ही खरे, या वयात ते रोज बदलतं. पंचेचाळिशीनंतर लक्षणांवरूनच निदान करतात. त्यापेक्षा कालनिर्णयवर खुणा करा : लाल फुली म्हणजे जास्त, ठिपका म्हणजे डाग, आणि वाफ आली त्या दिवशी ‘वा’. मी ती पानं फाडून फाईलमध्ये ठेवली आहेत. आणि लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. माझं हिमोग्लोबिन आता ११.४ आहे.

तीन महिन्यांनी तपासणीला गेले तेव्हा नवा केसपेपर, तोच रकाना. या वेळी ‘सोबतचं पान पाहा’ असं लिहिलं आणि कॅलेंडरची पानं पिनेने जोडली. खिडकीवर कुणी काही म्हणालं नाही.