गोळ्या चार, वेळा जुळेनात

जळगावच्या उन्हात राहून शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व कमी, हे ऐकून घरात सगळे हसले. माझा आकडा होता 11; 20 नॅनोग्रॅमच्या खाली गेला की कमतरता धरतात. पण ऊन आमच्या अंगाला लागतं कुठे? मार्चपासून दारं-खिडक्या बंद, बाहेर पडलं की डोक्यापासून हातापर्यंत ओढणी. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यासाठी कुचकामी, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. हिमोग्लोबिनही कमीच, 9.8 होतं.

चिठ्ठीवर आठवड्याला 60,000 युनिटचं ‘ड’चं पाकीट, कॅल्शियम, लोह आणि क जीवनसत्त्व. सासूबाई म्हणाल्या, “इतल्या गोया कसाले लेस व माय?”

गोळ्या घेणं सोपं, त्यांच्या वेळा लावणं अवघड. अ, ड, ई आणि के ही स्निग्ध पदार्थांत विरघळणारी जीवनसत्त्वं, म्हणून पाकीट उपाशीपोटी नको, तेल-तूप असलेल्या जेवणानंतर घ्यायचं. आमच्याकडे त्याची काय कमी! रविवारी दुपारी भरीत किंवा शेवभाजी असतेच, पाकिटाचा दिवस तोच ठरवला. कॅल्शियम कार्बोनेटही जेवणासोबतच, कारण ते पचायला पोटातलं आम्ल लागतं. एका वेळी 500 मिलिग्रॅमच्या वर घेतलं तर शोषणाचं प्रमाण घटतं, म्हणून एका वेळी तेवढंच, तेही रात्रीच्या जेवणाला.

खरी कटकट लोहाची. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतले तर लोहाचं शोषण कमी होतं, आणि चहा तर त्याचा वैरीच. सकाळी उठल्याबरोबर लोह आणि क, मग तासभर चहा नाही. तो तास मला गोळ्यांपेक्षा कडू गेला.

‘ड’ कामाला लागायला मॅग्नेशियमही लागतं. मी वेगळी गोळी मागितली, तर डॉक्टरांनी आधी जेवणात काय असतं ते विचारलं. कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी आणि उडीद, वर शेंगदाण्याची चटणी. त्यांनी गोळी लिहिलीच नाही.

नणंदेने मात्र माझं बघून स्वतःच पाकिटं सुरू केली होती. तिला थांबवलं. ‘ड’ शरीरात साठतं. अति झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडाला त्रास होतो. हल्ली ‘ड’ आणि ‘के’ एकत्र असलेल्या कॅप्सूलही मिळतात. शेजारचे काका रक्त पातळ करायची वॉरफरिन घेतात. त्यांना तर ‘के’ डॉक्टरांना न विचारता चालतच नाही.

पाकिटं संपल्यावर ‘ड’ 34 वर आलं आणि आठवड्याचा डोस बंद झाला. हिमोग्लोबिनही वाढलं, तरी लोह आणखी काही महिने चालू आहे, शरीरातला साठा भरायचा म्हणून. सासूबाईंचीही तपासणी केली. गच्चीवर पापड वाळवणाऱ्या बाईचा आकडा माझ्याहून कमी निघाला: वयाबरोबर त्वचा ‘ड’ कमी बनवते म्हणे.